अतिविषाचा हंगाम : उत्पादकांस आणि ग्राहकांस सूचना

मराठी घरातील बाळगुटीच्या सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग आणि हळकुंड यांच्यासमवेत ज्या पांढुरक्या, अतिशय कडू कंदाचे दोन वेढे पिढ्यान्‌पिढ्या उगाळले गेले, तो अतिविषाचा कंद सह्याद्रीत उपजत नाही. त्याचे जन्मस्थान हिमालयात, सुमारे 2,400 ते 4,500 मीटर उंचीवरील थंड उतारांत आणि गढवाली लोक ज्यांना बुग्याल म्हणतात त्या वृक्षरेषेपलीकडील कुरणांत आहे. शरद ऋतू हा या कंदाच्या काढणीचा काळ. आणि या वनस्पतीचे भवितव्य बव्हंशी याच काही आठवड्यांतील मनुष्याच्या संयमावर अवलंबून असते.

अतिविष ही बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचा भूमीवरील भाग हिमपातापूर्वी सुकून जातो, जुना कंद झिजून नष्ट होतो आणि त्याच्या कुशीत वाढलेला नवा कंद पुढील वर्षाचा अंकुर धारण करतो. श्रावण-भाद्रपदात शिरस्त्राणाच्या आकाराची, फिकट निळसर-हिरवी आणि जांभळ्या शिरांची फुले येतात, भुंग्यांकरवी त्यांचे परागण होते व त्यानंतर बी पक्व होते. म्हणून फुलोऱ्यातच झाड उपटणारा मनुष्य बी आणि कंद या दोहोंचा एकाच वेळी उच्छेद करतो; रानातील अतिविष दुर्मीळ होण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

ज्या पर्वतवासी शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत हे पीक घेतले आहे, त्यांनी तिसऱ्या-चौथ्या वर्षाचेच वाफे काढणीस घ्यावेत. फळे तपकिरी होऊन फुटण्याच्या बेतात आली की प्रथम बी गोळा करावे, आणि पाने पिवळी पडल्यावरच कुदळीने कंद काढावेत. मोठे कंद विक्रीसाठी ठेवून लहान कंद विनाविलंब पुन्हा लावावेत. नवे वाफे उंच व निचऱ्याचे असावेत आणि त्यांत जंगलातील कुजलेला पाला भरपूर मिसळावा, कारण साचलेल्या पाण्याने कंद कुजतात. ताजे बी हिमपातापूर्वीच पेरल्यास हिवाळ्यातील शैत्याने त्याची सुप्तावस्था भंगते व बर्फ वितळल्यावर ते उगवते. काढलेले कंद पूर्ण वाळवून बंद भांड्यांत ठेवावेत व वरचेवर तपासावेत. या कंदास कीड फार लवकर लागते. लागवडीची सरकारदप्तरी नोंद व वाहतुकीचा परवाना यांविषयी मात्र आळस करू नये, कारण दाखल्यावाचून शेतातला माल आणि रानातून चोरलेला माल यांत भेद दाखविता येत नाही.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. अतिविषाच्याच कुळातील वत्सनाभासारख्या वनस्पती अत्यंत विषारी असून त्याही हिमालयातच वाढतात. कंद चाखून पारख करण्याचे धाडस कोणीही करू नये. झाड फुलावर असताना खोडास बिलगलेली, दातेरी परंतु अविभक्त अशी वरची पाने पाहून ओळख निश्चित करावी आणि त्याच वेळी खूण बांधून ठेवावी.

महाराष्ट्रातील शेतकरी बंधूंनी या पिकाच्या मोहात पडू नये. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटरांचे. तेथेही या वनस्पतीस लागणारा दीर्घ हिमकाल नाही. अतिविषाच्या रोपांवर पैसा घालण्यापेक्षा, ज्यांच्याकडे पाणथळ जमीन आहे त्यांनी बाळगुटीतीलच वेखंडाची लागवड करून पाहणे अधिक श्रेयस्कर.

अतिविषाच्या रक्षणात आपला वाटा खरेदीदाराचा आहे. वैद्य, औषधी कारखानदार आणि काष्ठौषधींचे व्यापारी यांनी लागवडीचा दाखला असलेलाच माल घ्यावा, त्याचा रास्त मोबदला द्यावा आणि दाखल्यावाचूनचा स्वस्त माल निश्चयाने परत पाठवावा, ही आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.