भिंतीलाही श्वास घेऊ द्या!

'लाकडी घर' म्हटलं की आपल्याला कॅनडा नाहीतर स्वित्झर्लंड आठवतं. पण जुन्या जळगावात किंवा जुन्या धुळ्यात एक चक्कर मारून बघा. सागवानी खांब, त्यांवर तुळया, मधल्या खणात विटा-मातीची भिंत आणि वर मातीचं धाबं! सिव्हिलच्या भाषेत ही टिंबर फ्रेमच झाली. आज अशा घरांची दुरुस्ती करताना सर्रास सिमेंट आणि ऑइल पेंट वापरतात. घर नवं दिसतं, पण आत खांब कुजायला लागतो. असं का होतं?

उष्णतेचं गणित

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. सागवान विटेच्या साधारण एक पंचमांशच उष्णता वाहून नेतं. माती मात्र तेवढी चांगली इन्सुलेटर नाही; तिचं बळ उष्णता साठवण्यात आहे. दीड फूट जाड मातीच्या भिंतीतून दुपारचं ऊन आत जाणवायला साधारण दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र होते, खिडक्या उघडल्या की झालं! पण हीच भिंत ओली झाली तर? तिच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी भरतं आणि पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहतं. म्हणजे ओल आणि इन्सुलेशन हे दोन वेगळे विषय नाहीतच.

ओल येते कुठून?

१) खालून : जमिनीतलं पाणी केशाकर्षणानं वर चढतं. म्हणूनच जुने कारागीर खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करायचे.

२) वरून : धाबं गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकायची पद्धत होती.

३) हवेतून : जुलैत बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. आत एसी २४ वर! बाहेरची वाफ भिंतीतून आत येते आणि आतल्या बाजूला ऑइल पेंट असेल तर त्याच्या मागे तिचं पाणी होतं. थंड देशांत याच्या उलट असतं. तिथे हिवाळ्यात वाफ आतून बाहेर जाते, म्हणून प्लास्टिकचा थर आतल्या बाजूला देतात. ते डिझाइन जसंच्या तसं इथे उचलून चालणार नाही.

खरी मेख

लाकूड भिजल्यानं लगेच कुजत नाही, ते ओलं राहिल्यानं कुजतं. ओलावा कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणजे १० किलो सुक्या लाकडात पाणी २ किलोपेक्षा कमी हवं. चुना आणि माती सच्छिद्र असतात, शिरलेलं पाणी उन्हात उडून जातं. सिमेंटचा गिलावा ताठर. लाकूड फुगतं-आकसतं, तशी दोघांच्या सांध्यावर भेग पडते. भेगेतून पाणी आत जातं, पण बाहेर पडायला वाट मिळत नाही.

ही चूक फक्त आपलीच नाही बरं का! कॅनडात व्हँकुव्हर भागात १९८० आणि ९० च्या दशकांत बांधलेल्या कितीतरी लाकडी चौकटीच्या इमारती अशाच आत अडकलेल्या पाण्यानं सडल्या. १९९८ मध्ये तिथे चौकशी आयोग नेमावा लागला.

मग करायचं काय?

• आधी गळती थांबवा, मगच गिलावा करा.
• मातीच्या भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा द्या आणि वर चुन्याची सफेदी.
• नवी फरशी बसवताना तळखडा झाकू नका. खांबाचा पाया मोकळा राहू द्या.
• अंगणाचा उतार भिंतीपासून दूर ठेवा.
• खांबावर टिचकी मारा. पोकळ आवाज आला, तर रंग देण्याआधी जाणकाराला दाखवा.
• कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा.

परीक्षेत आपण 'डॅम्प प्रूफिंग' म्हणजे पाणी अडवणं असं लिहितो. ते अर्धंच उत्तर आहे. पाणी कुठून तरी शिरणारच. त्याला बाहेरची वाट ठेवणं हे उरलेलं अर्धं. तेव्हा घरच्या वाड्याला सिमेंट लावायचं ठरलं, तर इंजिनिअर म्हणून हा प्रश्न तुम्ही विचाराच!