रानपिंगळ्याचा माग

तापी नदीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादे हे गाव वसलेले आहे. आज ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते. परंतु १९९८ साली हा जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. १९९७ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील तीन पक्षिनिरीक्षक या गावी आले. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट अशी त्यांची नावे. सातपुड्याच्या जंगलात त्यांना एका पक्ष्याचा शोध घ्यावयाचा होता. तो पक्षी जिवंत आहे की केव्हाच नाहीसा झाला आहे, हे मात्र जगात कोणालाही निश्चित ठाऊक नव्हते.

पिंगळा हा लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी तुम्ही पाहिला असेल. गावाकडील जुन्या आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलीत तो राहतो आणि तिन्हीसांजेला कर्कश आवाज काढून भांडू लागतो. त्याचाच एक भाऊबंद रानात राहतो. त्याला रानपिंगळा म्हणतात. १८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या गृहस्थाला हा पक्षी मध्य भारताच्या पूर्वेकडील फुलझर भागात मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व ब्लेविटचेच नाव त्याला दिले. त्यानंतर खानदेशात नेमणुकीला असलेला जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी शहादे-तळोद्याच्या बाजूस काही पक्षी मिळवू शकला. हे १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत घडले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळ्याची खात्रीलायक वार्ताच नाही. त्याचे निःसंशय असे एकही छायाचित्र नव्हते आणि त्याचा आवाज कोणी ध्वनिमुद्रित केलेला नव्हता. सर्व जगात मिळून त्याचे अवघे सात नमुने संग्रहालयांच्या खणांत पडून होते.

अशा पक्ष्याच्या शोधास निघावयाचे तर आरंभ कोठून करावा? डोंगरातून नव्हे, संग्रहालयातून. पाठीवर पिशवी टाकून रानाकडे जाणे हा प्रवासाचा शेवटचा आणि, खरे सांगावयाचे तर, सोपा भाग होय.

संग्रहालयात ठेवलेला पक्षी म्हणजे कापूस भरून वाळविलेले कातडे. त्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला व कोणी मिळविला, एवढाच मजकूर तीवर असतो. दिसावयास ती चिठ्ठी क्षुल्लक. पण ती हरवली तर सुंदर पक्ष्याचेही नुसते भुसा भरलेले खेळणे होते. रासमुसेनबाई वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत दक्षिण आशियातील पक्ष्यांचा अभ्यास करीत होत्या. त्यांनी रानपिंगळ्याचे नमुने व त्यांच्या चिठ्ठ्या तपासावयास घेतल्या.

सातांपैकी सहा चिठ्ठ्या एक गोष्ट सांगत होत्या आणि सातवी निराळी. सातव्या नमुन्यावर १९१४ हे साल होते व ठिकाण होते मांडवी. हे गाव गुजरातेत, तापीच्याच काठी, सुरतेच्या बाजूस आहे. तो नमुना ब्रिटिश लष्करातील कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील होता. कर्नल मोठे नावाजलेले पक्षिसंग्राहक. त्यांच्या शब्दावर अविश्वास कोण दाखविणार? शिवाय तापीच्या काठी वर शहाद्याला असणारा पक्षी खाली मांडवीलाही असणे काही अशक्य नव्हते. खोटे खपते ते असेच, खऱ्याच्या शेजारी उभे राहून!

परंतु पक्ष्याचे कातडे भरण्याची प्रत्येकाची एक रीत असते. शिंप्याचा टाका जसा ओळखू येतो, तशी तीही जाणत्या डोळ्यांना ओळखू येते. क्ष-किरणांच्या साहाय्याने नमुन्याच्या आतील भाग तपासला, तेव्हा त्याची जुनी शिवण उसवून तो पुन्हा नव्याने भरल्याचे दिसले. आणि जी जुनी रीत आत शिल्लक होती, ती डेव्हिडसनची होती. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मिळविलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, त्याला नवी चिठ्ठी बांधून तो मांडवीचा म्हणून पुढे केलेला होता. नामवंत पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली आणि अमेरिकेचे डॉ. रिपली यांनीही पूर्वी या पक्ष्याचा व्यर्थ शोध घेतला होता. अशा शोधांना मांडवीच्या खोट्या नोंदीने चकविले होते. एका माणसाच्या हव्यासापायी किती जणांचे पाय भलत्याच रानात झिजले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता बेत आखणे सोपे झाले. मांडवी वगळावयाची. उरलेली ठिकाणे दोन बाजूंना होती: पूर्वेस छत्तीसगड व ओडिशाचा प्रदेश आणि पश्चिमेस खानदेश. जुन्या चिठ्ठ्यांवरील गावांची नावे आजच्या नकाशावर शोधावी लागतात, कारण शंभर वर्षांत नावांचे उच्चार बदलतात. आणि गाव सापडले तरी त्याभोवतीचे रान उभे असेलच असे नाही. पावसाळ्यानंतरचा काळ प्रवासाला बरा. ओढे ओसरलेले असतात आणि पायवाटा मोकळ्या होतात.

मंडळी प्रथम पूर्वेकडे गेली. तेथे सुमारे दोन आठवडे त्यांनी शोध घेतला. पण रानपिंगळा दिसला नाही. पुष्कळ ठिकाणी जंगलाच्या जागी शेते झाली होती. मग ती खानदेशात शहाद्यास आली. येथेही सपाटीवरील रान तुटले होते, पण पायथ्याच्या टेकड्यांवर झाडी शिल्लक होती. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी किंग यांना एका निष्पर्ण फांदीवर छोटे घुबड बसलेले दिसले. त्याच्या डोक्यावर ठिपके नव्हते. नेहमीच्या पिंगळ्याचे डोके पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले असते. छातीचा रंग गडद, पोट स्वच्छ पांढरे, पाय जाडजूड आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. एकेक खूण जुळत गेली. पक्षी उडून जाण्यापूर्वी त्याचे चित्रण करणे अवश्य होते. सुदैवाने पक्षी निवांत बसून राहिला. भर उजेडात, ऊन खात! संग्रहालयातील खणात ज्या खुणा पाहून ठेवल्या होत्या, त्यांच्याच बळावर त्यांनी त्याला क्षणात ओळखले. एकशे तेरा वर्षांनंतर रानपिंगळा पुन्हा माणसाच्या नोंदवहीत आला.

पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी त्याचा पद्धतशीर शोध केला. तोरणमाळ व तळोद्याच्या जंगलांत आणि मेळघाटात तो आढळला. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही तो असल्याचे नोंदले गेले. घुबड असूनही तो दिवसा हिंडतो, आणि सरडे, उंदीर, टोळ यांवर निर्वाह करतो. म्हणजे त्याला पाहावयास रात्र जागविण्याचे कारण नाही. पहाटे उठणे मात्र भाग आहे.

तुमच्यापैकी कोणी उद्या अभ्यासासाठी तोरणमाळास जाणार असेल, तर तयारीस महिनाभर आधी लागावे. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. शहाद्याहून निघणारी वाट वळणावळणांच्या घाटाने वर चढते, आणि हिवाळ्यात वर कडाक्याची थंडी पडते. वनखात्याची परवानगी आधी हाती असावी. मुक्कामाची जागा आधी पत्र लिहून ठरवावी. डोंगरातील पावरा बांधवांपैकी एखादा वाटाड्या सोबत असावा. सपाटीवरची अहिराणी तेथे पुरी पडत नाही. आणि कोणत्या सागाच्या ढोलीत काय राहते हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? घुबड अशुभ मानून त्याला मारणारे किंवा मंत्रतंत्रासाठी पकडणारे लोक अजून आहेत, म्हणून घरट्याची जागा ज्याला-त्याला सांगत सुटू नये. दुर्बीण, होकायंत्र, पाण्याची बाटली आणि दोन दिवस टिकेल अशी शिदोरी घ्यावी. शिसपेन्सिली दोन घ्याव्यात. शाई दहिवराने फुटते.

आणि टिपणवही. दिवस, वेळ, ठिकाण, झाड, पाहणाऱ्याचे नाव, एवढे जागच्या जागी लिहावे. रात्री मुक्कामावर आठवून नव्हे. पक्षी न दिसला तर तेही लिहावे. पूर्वेकडील ते दोन आठवडे रिकामे गेले, पण तेथे कोठे पाहिले व काय दिसले नाही याची नोंद पुढच्यांना उपयोगी पडते. २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात हा पक्षी आढळला, तेव्हा अभ्यासकांना आपल्या नकाशावर आणखी एक खूण करावी लागली. तोपर्यंत सह्याद्रीच्या त्या बाजूस रानपिंगळा असेल, असे कोणाच्या वहीत नव्हते.