आधी सवंगडी, मग शिकवणी

लहान मुलांसाठी छंदवर्ग शोधणं हे काय प्रकरण आहे, ते वालीव नाक्याच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. नाच, चित्रकला, गोष्टी असं सगळं एव्हरशाइनकडे, नाहीतर थेट रुळांपलीकडे वसई पश्चिमेला. संध्याकाळी कंपन्या सुटतात तेव्हा टेम्पो, ट्रक आणि शेअर रिक्षांच्या गर्दीतून पोराला घेऊन जायचं. पावसाळ्यात पाणी भरलं की तेही नाही. म्हणून २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेले ऑनलाइन वर्ग आमच्या घरी नंतरही राहिले. थोरला तेव्हा शिशुवर्गात होता, आता पाचवीत आहे, धाकटी बालवाडीत. शाळेचा अभ्यास घेणाऱ्या शिकवण्या इथे धरलेल्या नाहीत. मजा आणि सोबत यासाठीच्या वर्गांबद्दल मला उमगलं ते असं.

१. शिकवणाऱ्याआधी सोबतची मुलं बघा.
जाहिरातीत ताईंचं शिक्षण, अनुभव, बक्षिसं सगळं असतं. मी आधी विचारते: तुकडीत मुलं किती, कोणत्या वयाची, आणि पुढच्या आठवड्यात हीच मुलं असतील का? सहा-आठ चेहरे लहान मूल ओळखायला लागतं. चाळीस चौकोनांत ते हरवून जातं. वयात फार अंतर असलं की मोठी मुलं धडाधड उत्तरं देतात आणि लहान गप्प बसतात. धाकटीच्या गोष्टींच्या वर्गात नागपूरचा एक मुलगा आहे. त्याचं मांजर कॅमेऱ्यासमोर आलं नाही, तर बाकीची पोरं गोष्ट सुरूच होऊ देत नाहीत. अशी चौकशी व्हायला तीच तुकडी बरेच महिने टिकावी लागते. दर वेळी नवी मुलं जोडणाऱ्या वर्गात शिकवणं कितीही सुंदर असो, दोस्ती होत नाही.

२. म्यूटचं बटण कोणाच्या हाती आहे, ते पाहा.
चाचणी वर्गात मी फक्त एवढंच बघते. तासभर सगळ्यांचा आवाज बंद आणि ताई एकट्याच बोलतायत, तर तो व्हिडिओच झाला. त्याला फी कशाला? चांगल्या वर्गात सुरुवातीची पाच मिनिटं नुसता गलका असतो. मग पाळीपाळीनं बोलणं: आज काय खाल्लं, दात कोणाचा पडला. एका मुलानं अर्धं चित्र सांगायचं, दुसऱ्यानं ते पुरं करायचं, असे जोडीचे खेळ असतात. लाजरं मूल आठवडाभर नुसतं बघत राहिलं, तरी त्याला बळेच बोलायला न लावणारी ताई मला जास्त आवडते.

३. हात पडद्यावरून निघाले पाहिजेत.
याचा आदर्श आपल्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, माती हीच शिकण्याची साधनं झाली. जी मुलं बालवाडीत येत नव्हती, त्यांच्या अंगणात बाई स्वतः गेल्या. हीच अंगणवाडी; तिचं नाव १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं देशभर नेलं. आज ऑनलाइन ताई आपल्या घरात येतात, तर त्यांनीही घरातलंच काही उचलायला लावावं: मूठभर डाळ, जुना मोजा, गॅलरीतलं तुळशीचं पान. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर लागलेल्या ‘टिलीमिली’ या मुलांच्या मालिकेतही घरात, परिसरात करून पाहण्याच्या कृतींवरच भर होता. ‘आमचा साहित्याचा संच वेगळा विकत घ्यावा लागेल’ असं सांगणाऱ्या वर्गाला मी नमस्कार करते.

४. अर्धा तास पुरे.
केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जुलै २०२० मधल्या ‘प्रज्ञाता’ या ऑनलाइन शिक्षणाच्या सूचनांनी पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटं सांगितली होती, आणि पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाचा एकूण पडदा एक तासाच्या आत ठेवायला सांगते. या एका तासात टीव्ही आणि आजीच्या मोबाइलवरची गाणीही आली. म्हणजे वर्गाच्या दिवशी कार्टूनला कात्री. हे मुलांना आधीच सांगितलं, तर रडारड कमी होते.

५. वेळ घराची पाहा, जाहिरातीची नाही.
आमच्याकडे मागच्या बाजूला गाळे आहेत. प्रेसमशीन सुरू असताना मुलीला ताईंचा आवाज येत नाही आणि ताईंना मशीनचाच येतो. त्यामुळे आम्ही गाळे बंद असतानाची वेळ धरतो. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून मोबाइलचा हॉटस्पॉट हाताशी ठेवतो. दर वेळी नवी, पूर्ण होणारी गोष्ट सांगणारे वर्ग इथे सोयीचे. एक दिवस बुडला तरी मूल मागे पडत नाही. गैरहजेरीला कुरकुरणारे वर्ग आमच्या भागातल्या विजेला आणि पावसाला चालत नाहीत.

६. मराठीतून खेळणारी मुलं शोधा.
आमच्या इमारतीत भोजपुरी, गुजराती, मल्याळी अशी सगळी घरं आहेत आणि जिन्यावरची भाषा हिंदी. त्यात काही वाईट नाही; मुलं दोन-तीन भाषा सहज बोलतात. पण मराठीत भांडायला, गुपित सांगायला समवयस्क कोणी नव्हतं. आई-बाबांशी मराठी बोलणं वेगळं, दोस्ताशी वेगळं. नागपूर, कोल्हापूर, बंगळुरूची मराठी पोरं एका तुकडीत आल्यावर धाकटीच्या तोंडी ‘होय की’ आणि ‘काहून’ दोन्ही आलं. वर्ग नसेल त्या दिवशी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरची मोफत मराठी पुस्तकं उपयोगी पडतात.

७. पैसे महिन्याचे, सही आपली.
एका कंपनीच्या विक्रेत्यानं मला वर्षभराचं पॅकेज गळ्यात मारायचा चंग बांधला होता. ‘सवलत आज रात्रीपर्यंतच’ हे वाक्य ऐकलं की मी फोन ठेवते. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयानंच शैक्षणिक कंपन्यांबाबत पालकांना सावध केलं होतं. खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याचा पर्याय टाळा, असंही त्यात होतं. तरीही यूपीआय ऑटोपे लावलाच असेल, तर ॲपमध्ये जाऊन तो कुठे बंद करायचा ते पहिल्याच दिवशी बघून ठेवावं. बालवाडीतल्या पोराच्या प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे तर मुळीच देऊ नयेत.

८. कॅमेरा चालू, माहिती बंद.
चौकोनाखाली फक्त पाळण्यातलं किंवा लाडाचं नाव. शाळेचा गणवेश आणि बिल्ला कॅमेऱ्यात नको, मागे इमारतीची पाटी दिसायला नको. वर्गाचं रेकॉर्डिंग होतं का, कुठे ठेवतात, जाहिरातीत वापरतात का, हे लेखी विचारावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तेव्हा असं विचारण्यात आगाऊपणा कसला? मोठं माणूस त्याच खोलीत असावं. पण उत्तरं पुरवायला नव्हे. मी भाजी निवडत बसते.

९. शेजारच्यालाही बोलवा.
ताईंना विचारून कधी वरच्या मजल्यावरच्या मुलीला शेजारी बसवते. दोघी मिळून कागदाची होडी करतात, भांडतात, वर्ग संपला की खाली पळतात. ऑनलाइन वर्गानं इमारतीतला खेळ वाढवला तर तो चांगला. खालून हाका येत असताना मुलाला खुर्चीत अडकवून ठेवत असेल, तर त्याची वेळ तरी बदलावी नाहीतर वर्ग तरी.

१०. फी भरण्याआधी एकच प्रश्न.
महिनाअखेरीला ‘काय शिकलीस?’ असं मी विचारत नाही. ‘आज कोण काय म्हणालं?’ एवढंच विचारते. उत्तरात मुलांची नावं, त्यांची मांजरं आणि पडलेले दात आले, तर पुढच्या महिन्याचे पैसे भरते. नुसतेच तारे, गुण आणि लेव्हल आल्या, तर ताईंचे आभार मानून थांबते.