आईचा वृद्धनिवास: हिशेब कसा मांडावा?

प्रश्न: आई ७२ वर्षांची आहे, पडल्यापासून आधाराशिवाय चालत नाही. भाऊ खर्च उचलत नाही. साताऱ्यात वृद्धनिवास परवडेल का?

उत्तर: दरपत्रकातला मासिक आकडा बहुधा राहण्या-जेवणापुरताच असतो. डायपर, औषधं, रात्रीची आया यांचे पैसे वेगळे. अनामत किती परत मिळेल, हे लेखी घ्यावं. न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, हे स्वतः जाऊन पाहावं. चकचकीत माहितीपत्रकापेक्षा तो दांडा मोलाचा.

सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात. वृद्धनिवासाचं शुल्क त्यात बसत नाही.

भावाकडून निर्वाहखर्च हवा असेल, तर ज्येष्ठांच्या निर्वाहासाठीच्या २००७च्या कायद्यानुसार आईला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. खर्चासाठी तिचं घर घाईनं विकू नये. आधी १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर बोलावं.