शॉक उपचार : कोणाला जास्त गुण येतो?



"डॉक्टर शॉक द्यायचं म्हणतायत" हे ऐकलं की घरात रडारड सुरू होते. बिडकीनहून रुग्णाला शहरात घाटी रुग्णालयात नेणारे असोत की आणखी कुठे, बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातलाच शॉक असतो. म्हणून आजचा हा पाठ.

उपचार म्हणजे काय?
१९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेटी आणि बिनी यांनी ही पद्धत सुरू केली. आता आधी भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देतात. मग काही सेकंद वीजप्रवाह देऊन मेंदूत नियंत्रित फीट आणतात. गुण येतो तो या फीटमुळे. साधारणपणे आठवड्यातून २-३ वेळा, असे एकूण ६ ते १२ शॉक लागतात.

गुण कशावर अवलंबून असतो?

१. आजाराचं स्वरूप : तीव्र नैराश्य, त्यातही भ्रम किंवा भास असतील तर चांगला गुण येतो. रुग्ण बोलत नाही, हलत नाही, जेवत नाही अशा अवस्थेत (कॅटाटोनिया) तर बऱ्याचदा फार लवकर फरक दिसतो.

२. वय : "म्हातारपणी झेपणार नाही" असं आपण म्हणतो. पण नैराश्यात वयस्क रुग्णांना तरुणांपेक्षा जास्त गुण येतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मात्र वयाबरोबर फीट येण्यासाठी जास्त प्रवाह लागतो आणि विसरभोळेपणावरही लक्ष ठेवावं लागतं.

३. आजार किती जुना : नैराश्य जितकं लांबलं आणि जितकी औषधं निकामी ठरली, तितका गुण कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे! पण अंगारे-धुपाऱ्यांत गेलेले महिने इथे महागात पडतात.

४. चालू औषधं : फीटवरची औषधं आणि काही झोपेच्या गोळ्या फीट येऊ देत नाहीत. म्हणून प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा.

५. इतर आजार : नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर धोका वाढतो. तेव्हा आधी तपासणी हवीच.

कायदा काय सांगतो?
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय शॉक देण्यास बंदी आहे. अल्पवयीन रुग्णासाठी पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी दोन्ही लागतात.

लक्षात ठेवा : "शॉक चांगला की वाईट?" हा प्रश्नच अपुरा आहे. "आमच्या रुग्णाला किती गुण येईल, आणि थांबलो तर काय होईल?" असं डॉक्टरांना विचारा. तातडीच्या सल्ल्यासाठी टेली-मानस : १४४१६.

स्वाध्याय : सत्तर वर्षांच्या आजींनी महिनाभरापासून जेवण सोडलंय, "माझं आतडं सडलंय" म्हणतात. वरचे कोणते मुद्दे त्यांच्या बाजूने आहेत? कारणांसह लिहा.