धार्जिणा कोण आणि कोणाला?

शंका : आम्ही मूळचे वर्ध्याचे. सासरे पोलाद कारखान्यात लागले तेव्हापासून कुटुंब भिलाईत. नागपूरच्या मराठी वर्तमानपत्रात 'भांडवलदारधार्जिणे धोरण' असे वाचते. सासूबाई मात्र म्हणायच्या, 'ती गाय आपल्याला धार्जिणी नव्हती.' शब्द एकच का? आणि इकडच्या हिंदी बातम्यांतल्या 'किसान हितैषी'ला मराठीत 'शेतकरीधार्जिणे' म्हणावे का?

समाधान : शब्द एकच, आणि सासूबाईंचा वापर अगदी अस्सल. धार्जिणा म्हणजे लाभणारा, मानवणारा. गाय घरी आली आणि दूधदुभते वाढले, की ती धार्जिणी. जागा, धंदा, औषध, परगावचे पाणी, काहीही धार्जिणे असू शकते. यात आवडीनिवडीचा संबंध नाही. 'मला गोड आवडते, पण धार्जिणे नाही' हे मधुमेह्याचे वाक्य बिनचूक आहे. गायीलाही कोणाची बाजू घ्यायची नसते, त्यामुळे ती धार्जिणी ठरली काय, न ठरली काय, तिच्याकडे बोट जात नाही.

बोट जाते ते वाटप हाती असलेल्याकडे. सरकार, संपादक, अधिकारी, पुढारी यांना हा शब्द लागला की 'लाभणारा'चा 'मुद्दाम लाभ करून देणारा' होतो. हक्क सगळ्यांचा असताना एकाचेच भले झाले, हा ठपका त्यात येतो. म्हणून कोणीही स्वतःला 'सरकारधार्जिणा' म्हणवून घेत नाही. ते विशेषण विरोधकच चिकटवतात.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. 'किसान हितैषी' ही सरकारने स्वतःची केलेली भलामण. तिला 'शेतकरीधार्जिणे' म्हटले तर स्तुतीची टीका होईल. 'शेतकरीहिताचे' म्हणा. 'धार्जिणे'च्या जवळ जाणारा हिंदी शब्द 'परस्त'. तिकडे 'पूंजीपति परस्त' म्हणतात, तेव्हा सूर आपल्यासारखाच असतो.

लेखनाचे थोडे. 'जि' ह्रस्व. ठपक्याच्या अर्थाने शब्द जोडून लिहावा आणि तो लिंगवचनाप्रमाणे बदलावा : सरकारधार्जिणा नेता, सरकारधार्जिणी भूमिका, भांडवलदारधार्जिण्या धोरणामुळे.

जाता जाता : भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार 1955चा, पहिली झोतभट्टी 1959ची. पण भिलाईच्या दुर्ग जिल्ह्याचा कारभार ऑक्टोबर 1956 अखेरपर्यंत राजधानी नागपुरातूनच चाले, आणि त्याच्याही कितीतरी आधी छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तेव्हा मराठी-हिंदीची ही सरमिसळ कारखान्याने आणली असे समजू नका.

शंका : गणेशोत्सवाच्या पंगतीत ओळखीच्यांच्या पानात श्रीखंड दोनदा पडले, आम्हाला मागूनही मिळाले नाही. शेजारचे आजोबा पुटपुटले, 'पंक्तिप्रपंच!' हिंदीत प्रपंच म्हणजे ढोंग, लबाडी. तोच अर्थ का? (भिलाईचेच दुसरे वाचक)

समाधान : नाही. मराठीत नुसता प्रपंच म्हणजे संसार, पण इथे तोही अर्थ नाही. हा जोडशब्द अखंडच शिकावा. एका पंगतीत बसलेल्यांना वाढताना डावे-उजवे करणे म्हणजे पंक्तिप्रपंच. पुढे तो पंगतीबाहेरही पडला. वर्गात, कचेरीत, भावंडांच्या वाटणीतही पंक्तिप्रपंच होतो. मला हा शब्द 'पक्षपाता'पेक्षा नेमका वाटतो. पक्षपात व्हायला दोन बाजू लागतात, भांडण किंवा सामना लागतो. पंचाने करायचा तो पक्षपात. पंक्तिप्रपंचात भांडणाची गरज नाही. सगळे एका ओळीत, सारख्याच मानाने बसलेले असतात आणि तरी वाढप्याचा हात कुठे सैल, कुठे आखडता होतो.

ज्याने मागितले त्याला दुसऱ्यांदा वाढले, तर तो पंक्तिप्रपंच नव्हे. तुम्ही मागूनही मिळाले नाही, म्हणजे आजोबांचा शब्द बरोबर. मंडळाकडे तक्रार करायची असेल तर 'भेदभाव' लिहू नका, त्याने जातीपातीचा भलताच अर्थ निघेल. 'पंक्तिप्रपंच' लिहा. या जोडशब्दात 'पंक्ति'मधला 'ति' ह्रस्व.