संगणकाचे घड्याळ का चुकते?

वेळ पाळणे हा माणसाचा गुण मानतात; संगणकाची तर ती गरजच आहे. संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीला कर्नल म्हणतात. क्वार्ट्‌झ स्फटिकाची कंपने मोजून तो वेळ ठरवतो. ही वेळ चुकली तर दोष कसा शोधावा, ते येथे पाहू.

पहिला प्रश्न असा की, चूक कोणत्या घड्याळाच्या तुलनेने? नागपूर सुमारे ७९.१ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर आपली स्थानिक वेळ साडेतेरा मिनिटे मागे पडते. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ कित्येक वर्षे चालू होती. ती घड्याळे बिघडलेली नव्हती. त्यांचे मापच वेगळे होते.

माप ठरल्यावर फरक रोज लिहून ठेवावा. तो तेवढाच राहिला, तर घड्याळ लावतानाच चूक झाली. रोज सारखाच वाढला, तर चाल चुकते आहे. दहा लाखांत वीस एवढी सूक्ष्म चूकही दिवसाला पावणेदोन सेकंद होते. केवळ गजर कमीजास्त उशिरा होत असेल, तर कर्नलचे ठोके पाहावेत. सेकंदाला २५० ठोके असतील, तर दोन ठोक्यांत ४ मिलिसेकंदांचे अंतर असते आणि साध्या गजराला पुढच्या ठोक्याची वाट पाहावी लागते.

साचत जाणारी चूक सर्वांत घातक. १९९१ च्या आखाती युद्धात पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेत एक दशांश सेकंद हा अपूर्णांक किंचित तुटक साठवला होता. शंभर तासांत चूक ०.३४ सेकंद झाली. २५ फेब्रुवारीला धहरान येथे येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही व २८ अमेरिकन सैनिक मृत्यू पावले.

माझे बाबा एका कारखान्यात कामाला आहेत. फाटकावरच्या घड्याळाने उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते. मी त्यांना आठ दिवस फरक लिहायला सांगितला. रोज चार मिनिटेच पुढे! म्हणजे घड्याळ बिघडलेले नाही, ते तसे लावलेले आहे. बाबा म्हणाले, “आम्हाले हे माहीतच होतं, पण लिहून कोणी ठेवलं नव्हतं.” आता तो कागद ते खिशात ठेवतात.